चाळीस जोड लेझीम

शाळा सोडल्याचा दाखला आणण्यासाठी परवा मी शाळेच्या कार्यालयात गेले आणि शाळेच्या चाळीस लेझिमी माझ्याकडे थकीत आहेत, असे मला तेथे समजले. दहावीला ५०० पैकी ४५७ गुण मिळवलेल्या, वर्षभर शालेय मंत्रिमंडळाचे मुख्यमंत्रिपद सांभाळलेल्या आणि निरोप समारंभातील भाषणाने तीन बाईंच्या डोळ्यांना पदर लावायला भाग पाडलेल्या मुलीला शाळेने दिलेला हा अखेरचा मान होता.

मुख्यमंत्रिपदाचा उल्लेख मी उगाच करत नाही. कराडने महाराष्ट्राला आजवर दोन मुख्यमंत्री दिले, १९६० मध्ये यशवंतराव चव्हाण आणि २०१० मध्ये पृथ्वीराज चव्हाण. त्यामुळे आमच्या गावात शालेय निवडणूकसुद्धा कोणी खेळ म्हणून घेत नाही. समाजशास्त्राच्या सरांच्या मोबाइलवर मतदानयंत्राचे ॲप होते, बोटाला मार्करची शाई लावली गेली आणि मी एकसष्ट मतांनी निवडून आले. तेव्हापासून बाबा आल्यागेल्याला माझी ओळख ‘कराडचा तिसरा मुख्यमंत्री’ अशी करून देत असत. प्रत्यक्षात या पदाचे अधिकार म्हणजे पाहुण्यांसमोर शाल-श्रीफळाचे ताट धरणे, शपथ सांगणे आणि सांगितले जाईल तेथे सही करणे. यांपैकी सहीचा अधिकार मी एकदाच वापरला. २६ जानेवारीच्या प्रभातफेरीसाठी नववीच्या मुलींना लेझिमी हव्या होत्या. त्या भांडारातून नेताना मी डेड स्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या, नोंदवहीत सही केली आणि सहीखाली, हौस म्हणून, ‘मुख्यमंत्री’ असेही लिहिले. ती हौस पाच महिन्यांनी फिटली.

आमच्याकडे शाळेच्या लेखनिकाला, त्याचे नाव काहीही असो, भाऊसाहेब म्हणतात. या भाऊसाहेबांनी माझा अर्ज चष्म्यावरून पाहिला, नाव विचारले, पुन्हा विचारले आणि वर्षभर रोज सकाळी त्यांच्याच खिडकीसमोर माइकवर प्रतिज्ञा सांगणाऱ्या मला म्हणाले, “कुठल्या तुकडीची तू? कधी पाहिली नाही.” मग त्यांनी ती लांबलचक नोंदवही काढली, एका ओळीवर पट्टी ठेवली आणि वाचले, “लेझीम, चाळीस जोड. परत आलेत चाळीस नग. चाळीस नग बाकी.”

मी वही उलट्या बाजूने वाचली. वरच्या ओळीत ‘टाळ, २० जोड’ असे लिहिलेले होते, आणि खालच्या ओळीत ‘लेझीम ४०’ लिहिल्यावर पुढच्या रकान्यात ‘जोड’ हा शब्द पुन्हा लिहिण्याचा कंटाळा येऊन कोणीतरी दोन छोट्या रेघा ओढल्या होत्या. त्या दोन रेघांनी माझ्यावर चाळीस लेझिमींचे कर्ज चढवले होते. परत घेताना क्रीडाशिक्षकांनी मात्र सरळ ‘४० नग’ लिहिले. आमच्या शाळेत प्रामाणिकपणाची शिक्षा दुसऱ्याला होते, हे मला माहीत असायला हवे होते.

“भाऊसाहेब, लेझमीची जोडी नसते,” मी म्हणाले.

“वहीत आहे.”

“टाळ दोन असतात. लेझीम एकच असते.”

“बाळ, मी इथं बावीस वर्षं आहे. रेकॉर्डला जोड आहे म्हणजे जोड आहे.”

येथे एका अनोळखी आजोबांनी तोंड घातले. ते बाकावर मघापासून बसून होते. डोक्यावर पांढरी टोपी होती आणि मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची चळत होती. त्यांना त्यांचा स्वतःचा जुना दाखला दुसऱ्यांदा हवा होता. ही त्यांची चौथी खेप होती. पहिल्या खेपेला प्रतिज्ञापत्र नव्हते, दुसऱ्या खेपेला रजिस्टर सापडले नाही, तिसऱ्या खेपेला सापडले, पण किल्ली सापडली नाही. त्यांची जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांची ती तशीच आहे, कारण शाळेत नाव घालायला नेले, की गुरुजी पोराची उंची पाहून साल ठरवीत आणि तारीख १ जून टाकून मोकळे होत. एक कागद एकदा चुकला, की माणूस जन्मभर त्या चुकीच्या दिवशी वाढदिवस साजरा करतो, हे ज्यांना स्वतःच्या अंगावर कळले होते, ते आजोबा उठून टेबलाशी आले.

“भाऊसाहेब, आम्ही जत्रंत लेझीम खेळलोय. हे बघा.” त्यांनी टेबलावरची पट्टी उचलली, आडवी धरली, दुसऱ्या हाताने हवेतली साखळी पकडली आणि कपाटापासून दारापर्यंत दोन पावले पुढे, एक मागे असे वाकून दाखवले. “दोन्ही हात गुतले. आता दुसरी लेझीम कुठं धरू? दातात?”

भाऊसाहेबांनी हे प्रात्यक्षिक मान एका बाजूला झुकवून, अगदी मनापासून पाहिले. मग ते शांतपणे म्हणाले, “म्हणूनच ती दुसरी हरवली असणार.”

मी हसले. आजोबा हसले नाहीत. “हसू नगंस पोरी,” ते मला म्हणाले, “ह्या खोलीत हसल्याला महिना लागतो.” त्यांनी नंतर मला विचारले, की ही एवढी सही कोणाची, आणि मी माझी म्हणून सांगितल्यावर त्यांनी खाली लिहिलेले अक्षर अक्षर लावून वाचले. “मुख्यमंत्री! मग वर्षभर केलंस काय?”

हा प्रश्न मला निरोप समारंभातही कोणी विचारला नव्हता. तेथे मी शाळेचे ऋण, संस्कारांची शिदोरी आणि पंखांत भरलेले बळ यांविषयी बोलले होते. मी खरोखर एकच काम हाती घेतले होते. मुलींच्या स्वच्छतागृहातील मधल्या दाराची कडी तुटलेली होती. जुलैच्या बालसभेत मी ठराव मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ऑगस्टमध्ये मी आठवण केली, तेव्हा ‘तत्त्वतः मान्य आहे’ असे सांगण्यात आले. दिवाळीनंतर निधी नाही म्हणून सांगण्यात आले. बाजारात ती कडी चाळीस-पन्नास रुपयांना मिळते. मार्चमध्ये शाळा सोडताना मी आणि माझी मैत्रीण तशाच एकमेकींसाठी बाहेरून दाराला पाय लावून उभ्या राहत होतो. मी आत असताना दार ढकलले गेले, असे माझ्या कारकिर्दीत चार वेळा झाले, आणि त्यातील एकदा मी त्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी हार घेऊन निघण्याच्या घाईत होते. चाळीस लेझिमी मात्र नोंदवहीत होत्या, कारण त्यांच्यावर सही होती. कडीवर कोणाचीच सही नव्हती. हे सगळे मी आजोबांना सांगितले नाही. मी म्हणाले, “स्वच्छता अभियान राबवलं.”

“पुढं काय करणार?” आता भाऊसाहेबांनी विचारले, बहुधा विषय लेझमीवरून हटावा म्हणून.

अकरावीची प्रवेशप्रक्रिया २०२५ मध्ये प्रथमच संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाली. १०० रुपये भरून दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम द्यायचे होते. २१ मे रोजी सुरू व्हायची नोंदणी संकेतस्थळच बंद पडल्यामुळे २६ मेपर्यंत पुढे गेली आणि त्या पाच दिवसांत आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने ‘नीट का जेईई?’ हा प्रश्न ‘चहा का कॉफी?’ या सुरात विचारला. मी अर्जात कला शाखा भरली. राज्यशास्त्र घेऊन पदवी आणि मग लोकसेवा आयोगाची परीक्षा, असे माझे ठरले आहे. निरोप समारंभात मी जिल्हाधिकारी होणार असे जाहीर केले होते. टाळ्या इतक्या वाजल्या, की माझी त्यात नेमणूकच झाल्यासारखे मला वाटले.

“कला शाखा,” मी म्हणाले.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला आणि त्या सकाळी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. “एखादा विषय राहिला होता का?”

“एक्क्याण्णव टक्के आहेत.”

“मग घरी काही अडचण?” त्यांच्या आवाजात खरा कळवळा होता. ते माझ्याशी एवढ्या मायेने यापूर्वी कधी बोलले नव्हते आणि मला ते लेझमींपेक्षा जास्त लागले.

सुटका अखेर आजोबांनीच केली. मुख्याध्यापक साताऱ्याला बैठकीला गेलेले, वहीत खाडाखोड चालत नाही, आणि बाकी असेपर्यंत दाखला निघत नाही, असे तिन्ही दरवाजे बंद झाल्यावर ते म्हणाले, “भाऊसाहेब, खोडू नका. खाली नवी ओळ घाला. उरलेल्या चाळीस जमा.”

“पण उरलेल्या नाहीतच!” मी म्हणाले.

“नाहीत ते तुला ठाऊक. वहीला कुठं ठाऊक?”

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी निळे पेन ठेवले, काळे घेतले आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘लेझीम, उर्वरित ४० नग, सुस्थितीत जमा.’ वही माझ्याकडे वळवण्यात आली. जिल्हाधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलीने अस्तित्वात नसलेल्या चाळीस लेझिमी सुस्थितीत परत केल्याचे लिहून दिले. या वेळी मी सहीखाली पद लिहिले नाही, पण भाऊसाहेबांनी बोट ठेवले. “मागच्यासारखंच पाहिजे. सही जुळली पाहिजे.” मी ‘मुख्यमंत्री’ लिहिले.

दहा मिनिटांत दाखला मिळाला. अभ्यासातील प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याचे कारण: इ. १० वी उत्तीर्ण. बसस्टँडवर मैत्रीण भेटली तेव्हा आम्ही दाखले शेजारी धरून पाहिले. शब्दन् शब्द तोच होता. दिवाळीच्या आदल्या दिवशी मुलांच्या मुतारीत सुतळी बॉम्ब लावणाऱ्या आमच्या वर्गातील मुलाचीही वर्तणूक चांगलीच आहे, हे तिने फोनवर विचारून खात्री करून घेतले. आजोबांना त्यांचा दाखला त्या दिवशीही मिळाला नाही. रजिस्टरही होते, किल्लीही होती, पण मुख्याध्यापकांची सही हवी होती. माझ्या दाखल्यावर ती आधीच करून ठेवलेली होती.

आता शाळेकडे कागदोपत्री ऐंशी लेझिमी आहेत. येत्या २६ जानेवारीला त्या भांडारातून काढताना नव्या मुख्यमंत्र्याला सही करावी लागेल. प्रभातफेरीतल्या त्या मुलींपैकी, नववीतून दहावीत गेलेली एक मुलगी निवडणुकीला उभी राहणार आहे, असे कळले. माझ्याकडे तिचा नंबर आहे. मी अजून फोन केलेला नाही.