होल्डर घासून बसवायचा का? उदगीरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी होल्डरचा (म्हणजे काचेची प्लेट किंवा फिल्म उजेडापासून झाकून कॅमेऱ्याच्या पाठीला लावायची चपटी डबी) उगं बाऊ करायलो आणि नवीन पोरांना घाबरवायलो, ९×१२ (सेंटिमीटर) म्हणजे ९×१२, कुठलाबी जर्मन होल्डर घ्या, नाही बसला तर कानस मारून बसवा, आणि शीथ-बीथ (फिल्म धरायचा पत्र्याचा ट्रे) शोधत फिरण्यापेक्षा फिल्म तशीच आत सरकवा, "आम्ही स्टुडिओत जन्मभर हेच केलं". तुमच्या हाताखालून जेवढ्या काचा गेल्या तेवढ्या माझ्या गेल्या नाहीत, हे मान्यच. पण या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत, आणि तुमचं वाचून कुणी खरंच कानस उचलली तर चांगला कॅमेरा कायमचा जाईल म्हणून सविस्तर लिहायलो.

तुमच्याकडं होता तो वागीश्वरी, केरळातल्या अलेप्पीचा लाकडी कॅमेरा, हाफ प्लेट मापाच्या काचेचा. त्याचा होल्डर पण लाकडीच, सुताराकडून जरा रंधा मारून घेतला की बसतो, आणि लाकूड जाड असतंय त्यामुळं थोडं इकडंतिकडं झालं तरी उजेड आत शिरत नाही. त्या कॅमेऱ्यासाठी तुमचा सल्ला बरोबरच आहे. मॅक्सिमार किंवा आवुस या जुन्या जर्मन प्लेट कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथं होल्डर पातळ पत्र्याचा, त्याची कड दुमडलेली, ती कड कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या खाचेत सरकते आणि उजेड अडवायचं कामबी तीच करते. घासली की होल्डर आत जाईल हो, पण ढिला बसणार, आणि फिल्मच्या एका बाजूला धुरकट पट्टा येणार. त्यातून कुणी होल्डर सोडून कॅमेऱ्याची खाचच घासली तर त्याचे मूळचे होल्डर पण गेले.

आणि "९×१२ म्हणजे ९×१२" हे तर अजिबात नाही. ते माप प्लेटचं आहे, खाचेचं नाही. १९२६ ला इका, एर्नेमान, ग्योर्ट्स आणि कॉन्टेसा-नेटेल या जर्मन कॅमेरा कंपन्या एकत्र येऊन ड्रेस्डेनला झाइस आयकॉन झाली, पण म्हणून सगळ्या खाचा काही एक झाल्या नाहीत. मॅक्सिमार आणि आयडियल दोन्ही झाइस आयकॉनचेच, दोन्ही ९×१२ मधे मिळतात, तरी एकाचा होल्डर दुसऱ्याला होत नाही. म्हणून मी म्हणतो की जुना कॅमेरा घेताना होल्डरसकट घ्या, निदान एक तरी मूळचा होल्डर हातात पाहिजे, त्याच्यावरून बाकीचे जुळवता येतात. लेन्स कितीबी चकचकीत असू दे, होल्डर नसेल तर तो कॅमेरा शोकेसमधेच जातो. ६.५×९ च्या कॅमेऱ्याला राडा, रोलेक्स असले रोलफिल्मचे होल्डर लागतात, त्यात १२० चा रोल टाकून आठ फोटो निघतात, पण खाच जुळवायचं काम तिथंही आहेच.

आता शीथचं. काचेची प्लेट एक ते दीड मिलिमीटर जाड, फिल्म पाव मिलिमीटरसुद्धा नाही. तशीच सरकवली तर ती मागच्या पत्र्याला टेकते नाहीतर मधेच फुगते, आणि ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्याच्या पाठीवरची फोकस बघायची खरखरीत काच) आपण जिथं फोकस बघितला तिथं ती नसतेच. शीथ म्हणजे पत्र्याचा पातळ ट्रे, कडा दुमडलेल्या, फिल्म त्यात सरकवायची आणि तो ट्रे प्लेटच्या जागी ठेवायचा. तुम्ही म्हणता बिना शीथचे तुमचे फोटो खणखणीत आले. आले असणार, भर उन्हात एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक करून, काढले असतील तर. हिशोब बघा, ९×१२ ला एक दशांश मिलिमीटरचा ठिपका शार्प धरला तर एफ १६ ला फिल्म दीड मिलिमीटर पुढंमागं चालते, पण एफ ४.५ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडल्यावर, फक्त ०.४५ मिलिमीटर. म्हणजे बिना शीथची फिल्म एक मिलिमीटर मागं गेली की उन्हातला वाडा वाचतो, आणि त्याच वाड्याच्या ओसरीत लेन्स पूर्ण उघडून आजीचा चेहरा काढला तर डोळ्यांवर केलेला फोकस दुसरीकडंच जातो. आणि या कॅमेऱ्यांवरची टेसर, स्कोपार लेन्स असल्या चेहऱ्यासाठीच तर घ्यायची!

शंका असेल तर व्हर्नियर कॅलिपर घ्या, त्याची मागची शेपटी खोली मोजायलाच असते. आधी ग्राउंड ग्लासच्या फ्रेमची कड ते काचेची खरखरीत बाजू (ती लेन्सकडंच पाहिजे, काच बदलताना बरेच जण उलटी बसवतात), मग होल्डरची तीच कड ते शीथमधली फिल्म. दोन्ही आकडे जुळले की झालं.

फिल्मचं म्हणाल तर ९×१२ ची फोमा आणि इलफर्ड आजही बनते, महाग पडते एवढंच. हात बसेपर्यंत ८×१० इंची एक्सरे फिल्म वापरा, एका शीटमधे ९×१२ चे बरोबर चार तुकडे निघतात आणि लाल दिव्यात कापता येतात. मात्र दोन्ही बाजूंनी इमल्शन (उजेड टिपणारा थर) असतंय त्यामुळं ओरखडे लई पडतात, फिल्म धुवायच्या ट्रेच्या तळाला गुळगुळीत काच टाका. या फिल्मवर लाल रंग काळा येतो, हेबी लक्षात ठेवा, कपाळावरचं कुंकू शाईच्या ठिपक्यासारखं दिसतं.

तुम्ही घासलेला तो होल्डर अजून असेल तर त्याच्या कडेचा जवळून काढलेला फोटो टाका, सोबत जाडी आणि रुंदी मिलिमीटरमधे. कुठल्या कॅमेऱ्याचा आहे ते बघू, आणि उजेड अडवणारी आतली मखमल तेवढी गेली असेल तर काळी मखमली पट्टी लावून तो अजून चालू होईल.