पाप तुमच्या मापात आहे

ऑनलाइन मागवलेला कुर्ता अंगात घालून आरशासमोर उभं राहायचं आणि "शी, फोटोत कसा दिसत होता!" म्हणून कपाळाला हात लावायचा, ही सवय तुम्हाला असेल तर आजपासून मोडा. कुर्त्यात खोट नसते. फोटोतली बाई आणि तिच्या अंगावरचा कुर्ता सुखानं नांदत होते. पिनकोड टाकून मध्ये घुसलात तुम्ही. तेव्हा थोडी जबाबदारी घ्या. गेली सहा-सात वर्षं पार्सलांच्या चिकटपट्ट्या ओरबाडून काढण्यात आणि त्याच पुन्हा चिकटवण्यात घालवल्यावर मला जे ज्ञान झालं, ते फुकट देते आहे.

उंचीपासून सुरुवात करू. फोटोखाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं: मॉडेलची उंची 5 फूट 8 इंच, साइज एस. आपल्या देशातल्या बायकांची सरासरी उंची सरकारच्या आरोग्य पाहणीत साधारण 152 सेंटिमीटर भरते. म्हणजे पाच फुटांना जेमतेम डोकं टेकतं. त्यामुळे तिच्या गुडघ्याशी थांबणारा कुर्ता तुमच्या पोटरीपर्यंत पोचणार आणि तिची घोट्यावरची पँट घालून तुम्ही घरभर केर काढत फिरणार. यात रडण्यासारखं काय आहे? मधले आठ इंच भरून काढा. टाचांच्या चपला मिळतात. टाचा झेपत नसतील तर बसून राहा. लग्नकार्यात जी बाई जागची उठत नाही तिला लोक मानाची समजतात, शिवाय पंगतीत आधी वाढतात.

तिच्या कमरेवर कुर्ता बेतून शिवल्यासारखा बसलेला दिसतो, तसा तो नसतो बरं. मागे पाठीवर, फायलींना लावतात तसले काळे चिमटे लावून कापड ओढून धरलेलं असतं. फोटो काढणाऱ्यांची ही रोजची रीत आहे, त्यात लपवाछपवी काही नाही, फक्त दाखवत नाहीत इतकंच. तुम्हीही लावा. स्टेशनरीच्या दुकानात डझनानं मिळतात. कुणाला पाठ मात्र दाखवायची नाही. देवळातून निघताना आपण देवाकडे तोंड ठेवून मागे मागे सरकतो ना, तसं हॉलमधून बाहेर पडायचं. सासरची माणसं म्हणतील, काय विनयशील सून आहे.

उभं राहायलाही नव्यानं शिका. आपण दोन्ही पायांवर उभ्या राहतो, ही अगदी गावंढळ सवय. एका पायावर भार, दुसरा गुडघ्यात मुडपलेला, एक हात केसांत, एक खिशात (खिसा आहे हे कळायला), आणि नजर जमिनीवर, कानातलं पडल्यासारखी. हे मी भाजीवाल्यासमोर करून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, कंबर धरलीय का? बसा, स्टूल देतो."

बाकी, फोटोत हात कुठे आहेत ते बघत जा. गळा कसा आहे हे बघायचं असेल तिथे मोकळे सोडलेले केस असतात. बाही किती लांब ते बघायचं तर कोपर दुमडून हातात कॉफीचा मग दिलेला असतो. काळा कुर्ता काळ्या भिंतीपुढे उभा असतो. पाच फोटोंपैकी एक फक्त तिच्या हसण्याचा असतो. छान हसते. पण धुतल्यावर रंग जातो का, हे त्या हसण्यावरून ओळखायला माझ्याच्यानं अजून जमलेलं नाही.

आणि गाऊन! गाऊनच्या बाबतीत तर आपण सगळ्याजणी इतकी वर्षं अंधारातच होतो. माझ्या समजुतीनुसार गाऊन म्हणजे मळखाऊ रंगाचा, पुढे चेन असलेला तंबू. चेनचं टोक दुसऱ्या महिन्यात तुटतं, मग तिथे सेफ्टी पिन येते आणि अडीनडीला दोन पिना बांगडीत अडकवलेल्या असतात. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, पोटाशी हळदीचा हात पुसलेला. बेल वाजली की खुंटीवरची कुठलीही ओढणी खांद्यावर टाकून दार उघडायचं, मग ओढणी लाल आणि गाऊन जांभळा असला तरी बेहत्तर. साइटवर पाहिलं तेव्हा कळलं की गाऊन हा प्रकारच वेगळा आहे. गाऊनमधली बाई पांढऱ्या सोफ्याच्या काठावर बसलेली असते. ओठांना लिपस्टिक, कानात बांगडीएवढ्या रिंगा, पायात उंच टाचा. हातात कप, खिडकीकडे बघून हसते आहे. त्या घरात ओटा नाही, पिंप नाही, इस्त्रीचं गाठोडं नाही. तर उद्यापासून असं करा: टाचांचे सँडल घालून पोळ्या लाटा. कुकरची तिसरी शिट्टी झाली की गॅसकडे न बघता खिडकीकडे बघून हसा. दूधवाला आला तर ओढणी शोधू नका, कप शोधा.

माप चुकतं, अशीही तुमची तक्रार असते. एका ठिकाणी एल होते, दुसऱ्या ठिकाणी डबल एक्सएल, आणि तिसरीकडे फ्री साइज म्हणून जे येतं त्यात मी आणि माझी जाऊ दोघी मावतो. आता याचं मूळ असं की भारतीय शरीराचा म्हणून आपला स्वतःचा मापांचा तक्ता नव्हताच. विलायती-अमेरिकी तक्ते उचलून इकडे तिकडे दाबून-ताणून काम चालायचं. शेवटी 2018 मध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निफ्टनं, देशभरातल्या 25,000 माणसांना त्रिमितीय स्कॅनरमध्ये उभं करून मापं घ्यायची योजना जाहीर केली. सहा शहरं निवडली, त्यात मुंबईही होती. तुम्हाला उभं केलं होतं का? मलाही नाही. मग तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

जाड्या बायकांचा विभाग वेगळा असतो, हे मात्र कौतुकास्पद. तिथे फोर एक्सएलचा कुर्ता घातलेली जी बाई असते, ती बहुधा मांजरीच्या पिलाएवढी असते. मागे चिमट्यांचं अख्खं खोकं संपलं असणार.

कधी कधी तर बाईच नसते. एका बड्या स्वीडिश कंपनीनं 2011 मध्ये कबूल केलं की त्यांच्या साइटवरची शरीरं संगणकानं तयार केलेली होती आणि वर खऱ्या मॉडेलांची डोकी बसवली होती. एकाच्या धडाला दुसऱ्याचं मस्तक लावण्याची कला आपल्याला नवीन नाही, पण ते काम साक्षात महादेवांनी केलं होतं आणि तिथे कुणी पूर्ण बाह्यांचा टॉप विकत नव्हतं. पुढे 2023 मध्ये लिव्हाइसनं कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या मॉडेल वापरून बघणार असल्याचं जाहीर केलं. का, तर म्हणे ग्राहकांना वेगवेगळ्या अंगयष्टीची माणसं दिसावीत म्हणून. वेगवेगळ्या अंगयष्टीची माणसं! माझ्या लोकलच्या डब्यात सकाळी 8:12 ला पावणेदोनशे असतात, कुणीतरी येऊन बघायला हवं होतं.

आता साडी. इथे जरा सावकाश वाचा, कारण खरे पैसे इथेच जातात.

फोटोत साडीवर भरजरी ब्लाउज असतो. खाली लिहिलेलं असतं: साडी 5.5 मीटर, सोबत 0.8 मीटर न शिवलेलं ब्लाउजपीस, फोटोतला ब्लाउज केवळ सादरीकरणासाठी. दागिनेही सादरीकरणासाठी. कमरेचा छल्लाही. पार्सल उघडल्यावर कळतं की साडीही बऱ्यापैकी सादरीकरणासाठीच होती. शिवलेल्या नऊवारीचे पाच फोटो असतात आणि पाचही पुढून. नऊवारीचा सगळा जीव मागच्या काष्ट्यात, आणि काष्टा कसा बसलाय हे सोडून नथ, चंद्रकोर, गजरा, सगळं दिसतं.

'आर्ट सिल्क' असं लिहिलं असेल तर बिचकू नका. 'कलात्मक रेशीम' असा अर्थ घ्या. 'आर्ट' हे 'आर्टिफिशियल'चं घरातलं लाडाचं नाव आहे, हे कुणी सांगितलं तर त्या माणसाशी संबंध कमी करा. तशीच 'पैठणी' आठशे रुपयांत मिळते. हातमागाची पैठणी ओळखायची जुनी खूण म्हणजे पदर उलटा करून बघणं. येवल्याचा विणकर मोर आणि कमळं रंगीत धाग्यांनी एकेक गुंफत विणतो, त्यामुळे उलटी बाजूही जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे दोऱ्यांचं जंगल असतं. साइटवरच्या पैठणीला उलटी बाजू नसते. ती मॉडेलच्या अंगाला लागलेली असते, आणि तिला "बाई, जरा पदर उलटा करता का?" म्हणणार कुठे? चॅटमध्ये विचारून पाहिलं. "आम्ही आपली गैरसोय समजू शकतो" असं उत्तर आलं.

रंगांचं तर विचारूच नका. एकाच साडीचे नऊ रंग असतात आणि नऊही फोटोंत मॉडेलच्या कपाळावर तीच एक बट, त्याच जागी. एका पोपटी साडीत रंग बदलणाऱ्याचा हात जरा सैल सुटला होता, तिची नखंही पोपटी झाली होती. आम्ही लहानपणापासून आमसुली, अबोली, चिंतामणी, डाळिंबी, श्रीखंडी शिकलो. साइटवर यातल्या निम्म्यांना 'मल्टी' म्हणतात. शिवाय "तुमच्या स्क्रीनमुळे रंगात किंचित फरक पडू शकतो" अशी सूचना असते, म्हणजे पुन्हा दोष तुमचाच. हळदीकुंकवाला जाताना मोबाईल हातात धरून जा. कुणी साडीकडे बघितलं की स्क्रीन पुढे करा, म्हणा, खरा रंग हा.

एक आठवण मात्र मनातून काढून टाका, नाहीतर पुढे जमायचं नाही. लक्ष्मी रोडवर किंवा दादरला साडीच्या दुकानात पांढऱ्या चादरीच्या गादीवर जे काका बसायचे, ती. पन्नाशीचे, पोट सुटलेलं, जाड मिशी, सदऱ्याच्या खिशात पेन. माझ्या लग्नाच्या खरेदीला गेलो तेव्हा त्यांनी गुलबक्षी नारायण पेठ उलगडली, उभे राहिले आणि स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकला. चार बोटांत झरझर निऱ्या घातल्या, पोटाशी धरल्या, "वहिनी, काठ बघा, अंगभर कसा फिरतो." कुणाला हसू आलं नाही. त्यांच्याकडे बघण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे सगळ्याजणी साडीकडे बघत होत्या. न विचारता त्यांनी पदर उलटा करून मागचे धागे दाखवले. आई म्हणाली, "उजेडात बघू," आणि पाच हजारांची साडी खांद्यावर टाकून थेट फुटपाथवर गेली. काका मागून ओरडले, "बघा बघा, ऊन पडलंय छान." चाळीसेक साड्यांचा ढीग झाला, त्यातल्या दोन घेतल्या, आणि त्यांनी बाकीच्या घड्या घालताना तोंडही वाकडं केलं नाही. असल्या माणसाला आज कुणी मॉडेल म्हणून उभं करेल का? त्याच्या मागे चिमटे लावायला जागा तरी होती का?

असो. परत करणं हा तुमचा हक्क आहे, हेही ऐकून ठेवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलंय की जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळती हवी आणि वर्णनाप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्यानं नकार देऊ नये. मी मोरपंखी म्हणून मागवलेला कुर्ता शेवाळी निघाला, तेव्हा हाच हक्क बजावायला गेले. कारण निवडा म्हणून यादी आली. 'साइज बसत नाही', 'विचार बदलला', 'वर्णनाप्रमाणे नाही'. तिसरं निवडलं. संध्याकाळी न्यायला मुलगा आला, त्यानं कुर्ता हातात घेतला, त्याच्या मोबाईलवरच्या फोटोशेजारी धरला. जिन्यातला दिवा पिवळा, त्याच्या मोबाईलची काच तडकलेली. "सेमच दिसतंय मॅडम," म्हणाला आणि कुर्ता माझ्या हातात देऊन पुढच्या बिल्डिंगकडे गेला.

आता राहिला मार्ग एकच. खाली येणारे गिऱ्हाइकांचे फोटो असतात ना, ते अजिबात बघायचे नाहीत. कपाटाच्या डागाळलेल्या आरशात काढलेले, डोक्याच्या जागी फ्लॅशचा गोळा, बाजूला उलटी चप्पल आणि अर्धा उघडा ड्रॉवर. त्यांत कुर्ता जसा आहे तसा दिसतो, आणि खरेदीतली सगळी मजा जाते.

माझाही एक फोटो तिथे आहे. शेवाळी कुर्त्यातला, दोन्ही पायांवर उभी, गॅलरीत, दिवसाउजेडी, लेकीनं काढलेला. टाकण्याआधी घरच्या ग्रुपवर पाठवून विचारलं होतं, रंग नीट आलाय का. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आत्याचा मेसेज आला: "मागे दोरीवर वाळत घातलेली चादर कुठून घेतलीस गं? सोलापूरची ना? छान आहे."