'जुनी फाईल घरीच ठेवा' हा सल्ला पाळू नका

"आता सर्व रुग्णालयांचे संगणक जोडलेले आहेत. नाव आणि जन्मतारीख सांगा, नव्या डॉक्टरांना जुन्या ॲलर्जी, औषधे, चाचण्या सगळे दिसते. फाईल घरीच ठेवा." हा संदेश वाचून माझी मावशी नव्या रुग्णालयात रिकाम्या हाताने गेली. पेनिसिलिनमुळे तिला पूर्वी एकदा श्वास घेणे कठीण झाले होते, हे तिथल्या नोंदीत कुठेही नव्हते.

नोंदी संगणकावर असणे आणि त्या दुसऱ्या प्रणालीपर्यंत पोहोचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच संस्थेच्या शाखांमध्ये, किंवा जिथे परस्पर जोडणी खरोखर झाली आहे तिथे, नोंदी दिसतात, एवढे मान्य करावे लागेल. पण त्यावरून 'सर्व रुग्णालये' म्हणणे साफ खोटे आहे.

सर्वांत घातक दावा ॲलर्जीचा आहे. जोडणी असली तरी, पहिल्या डॉक्टरांनी ती माहिती टिपणात साध्या वाक्यात लिहिली असेल, तर दुसरीकडे ती एका लांबलचक दस्तऐवजाचा भाग म्हणून पोहोचते, ॲलर्जीच्या यादीत शिरत नाही, आणि औषध लिहिताना धोक्याची सूचना देणारी प्रणाली त्या यादीकडेच पाहत असल्याने गप्प राहते. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या एचएल-७ या संस्थेने अशा देवाणघेवाणीसाठी 'फायर' नावाचे मानक तयार केले आहे. त्यात 'कोणतीही ॲलर्जी ज्ञात नाही' हे स्पष्टपणे नोंदवण्याची वेगळी सोय आहे, कारण रिकामी यादी म्हणजे ॲलर्जी नाही असे नव्हे. कदाचित कुणी विचारलेच नसेल. ज्या बाबतीत मानक तयार करणारेच इतके सावध आहेत, तिथे फाईल घरी ठेवायला सांगणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

नाव आणि जन्मतारीख पुरते, हेही खरे नाही. दोन व्यक्तींची ही माहिती सारखी असू शकते, आणि स्पेलिंग बदलले की एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी तयार होतात.

चाचण्यांच्या आकड्यांचेही तसेच. रक्तातील साखर एका प्रयोगशाळेत १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, तर दुसरीकडे ७ मिलिमोल प्रति लिटर अशी लिहिली जाते. प्रमाण एकच, पण एकक सोबत आले नाही तर आकडा निरुपयोगी ठरतो.

मावशीच्या फाईलच्या पहिल्याच पानावर आता त्या औषधाचे नाव आणि तेव्हा झालेला त्रास ठळक अक्षरांत लिहिला आहे, आणि पुढच्या भेटीत ती नोंद ॲलर्जीच्या यादीतच करून घ्यायची आहे.