‘टच ग्रास’ म्हणण्याआधी मैदानाचं फाटक उघडा

कन्नड-मराठीवरून दोन पोरं रात्री दीड वाजता एका रीलखाली एकमेकांची आय-माय काढत असतात. तिसरा येऊन लिहितो, ‘टच ग्रास ब्रो’. म्हणजे बास कर, मोबाईल ठेव, बाहेर पडून जरा गवताला हात लाव. इंग्रजी इंटरनेटवरचा हा टोमणा कोरोनाच्या काळात सगळीकडं पसरला आणि आता आपल्या बेळगावच्या पोरांच्या तोंडीही रुळलाय.

त्या तिसऱ्याचं मला पटतं. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आपल्या आधीच्या पिढीनं त्यासाठी लाठ्या खाल्ल्यात, तुरुंग भोगलाय. रीलखालच्या शिव्यांनी तो इंचभरही पुढं सरकणार नाही. शिवाय हीच पोरं गणपत गल्लीत भाजी घेताना अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलून पिशवी भरून घरी येतात. बाहेर पडलं की समोर माणूस दिसतो, हे खरंच आहे.

पण तेच वाक्य मोठी माणसं पोरांना सुनावायला लागली की मला राग येतो. पोरांना कळत नाही असं थोडंच आहे? २०२४ साली ऑक्सफर्डनं वर्षाचा शब्द म्हणून निवडलेला ‘ब्रेन रॉट’, म्हणजे डोकं सडणं, हा शब्द याच पिढीनं स्वतःच्या स्क्रोलिंगबद्दल वापरून वापरून मोठा केलाय. दुखणं त्यांना ठाऊक आहे. त्यांचा प्रश्न साधा आहे: बाहेर जाऊ कुठं?

शाळा सुटली की मैदानाला कुलूप. गल्लीत क्रिकेट खेळावं तर दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या. वडगाव, शहापूर, मजगावच्या ज्या शिवारात बासमती पिकायचा, तिथं प्लॉट पडत चाललेत. सुगीला पोरांना शेतावर न्यावं, तर कितीजणांकडं शेत उरलंय?

आणि पोरींचं काय? याबद्दल कुणी बोलतच नाही. पोरगा कट्ट्यावर रात्री दहापर्यंत बसला तरी चालतो, पोरीला मात्र दिवेलागणीला घरात पाहिजे. मैत्रिणीकडं जाते म्हटलं की चार प्रश्न. तिचा कट्टा म्हणजे तो मोबाईल. तोही काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं, सारखी त्यातच डोकं घालून बसते. हा अन्याय आहे, आणि तो आपल्याच घरात होतो.

पोरं बाहेर येत नाहीत, हेही मला मान्य नाही. दिवाळीत बघा. गल्लीगल्लीत किल्ले उभे राहतात. दगड, माती, पोती गोळा करायची, चिखल कालवायचा, तटबंदी लिंपायची, वर मोहरी पेरून हिरवळ उगवायची. मोबाईल तेव्हा खिशात असतो, निघतो तो किल्ल्याचा नकाशा बघायला. शिवजयंतीच्या चित्ररथात सजीव देखाव्याची तालीम चालते तेव्हा त्याच पोरांना जेवायलासुद्धा हाका माराव्या लागतात. आपल्यावाचून काहीतरी अडतंय असं वाटलं की पोरगं येतंच. नुसतं ‘हवा खाऊन ये’ म्हटल्यावर कोण उठेल? मीही उठणार नाही.

दिवाळी आणि शिवजयंती संपल्यावर मात्र आपण त्यांच्या हाती काहीच ठेवत नाही. मंडळं आहेत, खोल्या आहेत, वर्गणीही जमते. येळ्ळूरचा राजहंसगड हाकेच्या अंतरावर आहे. महिन्यातून एका रविवारी पोरापोरींना तिथं न्यायला कितीसा खर्च येतो? कुस्तीचे आखाडे आहेत, खो-खोला तर साहित्यही फारसं लागत नाही.

आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. शाळेला रीतसर अर्ज देऊन संध्याकाळी दोन तास मैदान उघडं ठेवून घ्यायचं, देखरेखीला आपली माणसं पाळीपाळीनं बसतील. आणि त्यातले काही दिवस फक्त मुलींचे, त्यांना घरून आणण्या-पोचवण्याची जबाबदारी मंडळाची. अनगोळ, कडोली, खानापूर, निपाणी, जिथं कुठं तुमचं मंडळ असेल, तिथं हे मांडणार असाल तर खाली गावाचं नाव लिहा. अर्जाचा मसुदा मी पाठवतो.