चाल कोणाची? एका जुन्या श्रोत्याला उत्तर

नमस्कार. सही 'एक जुना श्रोता' अशी आहे, तेव्हा काका म्हणावं की काकू, कळत नाही. प्रतिक्रिया कडक आहे, पण गाणं कान देऊन ऐकून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विश्वामित्री नदीच्या पुराचं हे माझं गाणं दांडिया बाजारात पेटीवर गायले तेव्हा जिवंत होतं. स्टुडिओत क्लिकला, म्हणजे हेडफोनमधल्या यंत्राच्या ठोक्याला, बांधून आणि सूर यंत्राने सरळ करून मी त्याचा जीव घेतला. वर एका गिटारवाल्याने अंतरा सपाट केला, आणि मी त्यालाच संगीतकार म्हणून अर्धं श्रेय देऊन टाकलं. 'फैयाज खाँसाहेबांच्या बडोद्यात हे शोभत नाही.'

बडोद्याच्या दरबारी गवयाचं, खाँसाहेबांचं, नाव काढलंत म्हणून सांगते. त्यांच्या काळच्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. मैफलीत राग निवांत उलगडणाऱ्या गवयाला तबकडीसाठी मांडणीच वेगळी करावी लागे. त्याआधी, १९०२ साली, गायिका गौहरजान कलकत्त्यात तबकडीसाठी गायल्या तेव्हा तर मायक्रोफोनही नव्हता, कर्ण्यासमोर गावं लागे. यंत्रापुढे गाणं बदलतं, ही माझी करणी नव्हे.

क्लिकबद्दल. गाणं दादऱ्यात, सहा मात्रांच्या तालात, आहे आणि पहिल्या ओळीनंतर मी सवयीने जरा जास्त थांबते. यंत्राचा ठोका थांबत नाही. म्हणून आधी मी आणि गिटारवाल्याने ठोक्याशिवाय सगळं गाणं गाऊन-वाजवून घेतलं आणि रेकॉर्डिस्टने त्यावरून क्लिक आखला. मी रेंगाळते तिथे तोही रेंगाळतो. बांधलंय ते त्याला! सूर दुरुस्त केलाय तो एका शब्दावर, हाताने. सबंध ट्रॅकवर ते सूर सरळ करणारं यंत्र सोडलं असतं तर मींडेचे, सुरावरून सुरावर घसरत जाण्याचे, तुकडे पडले असते.

आता अंतरा. 'पाणी पायऱ्या चढून आलं' या ओळीला मी तार षड्जापर्यंत, वरच्या 'सा'पर्यंत, जायचे, आणि टाळी तिथेच पडायची. गिटारवाला गुजराती; त्याने ओळीचा अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाला, 'पाणी चढे त्यारे अवाज क्यां थाय छे?' (पाणी चढतं तेव्हा आवाज कुठे होतो?) मग माझ्या काळी पाच या पट्टीसाठी गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून त्याने मला पंचमावरच, म्हणजे 'प'वरच, थांबायला सांगितलं. स्वतः खालून एकेक सूर वर येत गेला. 'उंबरा' या शब्दाशी गिटार माझ्या सुराला गाठते, आणि मी तिथेच असताना माझ्या वर निघून जाते. हेडफोनवर ते ऐकलं आणि पुढची ओळ माझ्याने म्हणवेना. तो टेक वाया गेला.

मी वर्षानुवर्षं पूर गात होते, पण बुडणारा माणूस त्यात नव्हता. तो त्याने आणला, आणि तेही मराठी येत नसताना. (फोनच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर खालचे सूर निम्मे गळतात. एकदा हेडफोन लावून ऐका, मग 'सपाट' म्हणा, वाईट वाटणार नाही.) पेटीवर गाताना मी अजूनही वरच जाते, कारण तिथे चढायला दुसरं कोणी नसतं.

श्रेयाचं म्हणाल तर तबला आणि व्हायोलिन वाजवणाऱ्यांना मानधन मिळालं, त्यांची नावं वादक म्हणून आहेत, आणि ते रास्तच आहे. त्यांनी सांगितलेलं उत्तम वाजवलं. पण या अंतऱ्यात माझा पंचम काय आणि त्याचं चढणं काय, एक काढलं तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. १९५७चा कॉपीराइट कायदाही, ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, तिला संयुक्तच धरतो. शब्द माझे, तिथे एकटीचं नाव आहे.

मुखडा त्याचा नाही, मग निम्मं कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याने काहीच मागितलं नव्हतं. निम्मं मीच ठरवलं. टक्केवारीवरून बिनसलेल्या जोड्या मी पाहिल्या आहेत, आणि आम्हाला अजून पुष्कळ गाणी करायची आहेत.