हे घरीच शिकवायचं असतं

"हे घरीच शिकवायचं असतं," असं काकांनी ग्रुपवर लिहिलं आणि माझं डोकं फिरलं. विषय वहिनीने काढला होता. ती साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 'आयुष्मान भारत'च्या 2020 मधल्या शालेय कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक बाई नि एक गुरुजी, आरोग्यदूत म्हणून नेमायचे. आठवड्याला आरोग्याचा एक तास घ्यायचा, त्यात वयात येण्याबद्दल, शरीराबद्दलही बोलायचं. मतदारयादी, पोषण आहार आणि वर हे, म्हणून वहिनी कुरकुरत होती. काकांना तो तासच नको.

घरी म्हणजे कुठे हो, काका? आपल्या घरात मला या विषयात मिळालेलं एकूण शिक्षण म्हणजे "लोणच्याला शिवू नकोस". शाळेत बाई सोमवारी नखं तपासायच्या, संपलं आरोग्य. 2007 साली राज्याने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली तेव्हा तुम्ही खूश होतात. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतर मात्र वर्गावर्गात सीसीटीव्ही हवा! कॅमेऱ्याने पोरीला "नको" म्हणायला शिकवलंय कधी?

इथे न्यू जर्सीत आरोग्य, सुरक्षा आणि पीटी मिळून आठवड्याला 150 मिनिटं द्यावीच लागतात, कायदाच आहे. सीपीआर शिकल्याशिवाय हायस्कूल सुटत नाही. लेकीने गाडी शिकायच्या परमिटची लेखी परीक्षासुद्धा हेल्थच्या तासाला दिली. शिकवणारा त्याच विषयाचा, त्याच्या गळ्यात मतदारयादी नाही. सगळं ऐटीत लिहून टाकलं.

वहिनीने एवढंच विचारलं, "ताई, तिकडे गोळीबाराचंही शिकवतात ना?"

शिकवतात. महिन्याला एक फायर ड्रिल, एक सिक्युरिटी ड्रिल. लेक पाच वर्षांची होती. दिवे घालवून कोपऱ्यात बसायचं, हसायचं नाही, आणि तुझे बूट चमकतात म्हणून पाय हलवू नकोस, असं मॅमनी सांगितलं होतं. ते लाइटचे बूट मी गुपचूप देऊन टाकले.

आणखी एक गोष्ट ग्रुपवर लिहिली नाही. लेक पाचवीत असताना 'फॅमिली लाइफ'चं, म्हणजे इथल्या लैंगिक शिक्षणाचं, पत्र आलं : आक्षेप असेल तर लेखी कळवा. मी कळवलं. माझी मुलगी त्या तासांना लायब्ररीत बसली. मी घरीच सांगणार होते, नीट, मराठीत. बसले सांगायला आणि शब्दांपाशीच अडले. मला येणारे अर्धे शिव्यांतले, अर्धे दहावीच्या पुस्तकातले. "असू दे आई," ती म्हणाली, "मैत्रिणीने सांगितलंय."

काल वहिनीला फोन केला. तुझ्या तासाला कुठले शब्द वापरतेस?

"पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले. पोरं हसली. मग वहीत उतरवून घ्यायला लावले."

म्हटलं, फळ्याचा फोटो असेल तर पाठव.