पोपड्याची मागची बाजू बघा: एक तारा दिलेल्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची तक्रार अशी: फोर्जिंगच्या (लोखंड तापवून ठोकून घडवण्याच्या) भट्टीला आतून सिरॅमिक फायबरचं, म्हणजे आच सोसणाऱ्या कापसासारख्या धाग्यांचं, अस्तर आहे; त्यावर आमचं कोटिंग मारल्यावर सातव्या आठवड्यात छताचे पोपडे पडले, तापलेल्या बिलेटवर (घडवायच्या लोखंडी ठोकळ्यावर) चिकटून माल वाया गेला, गॅस एक किलोही वाचला नाही आणि फोनवर आमच्या माणसाने 'दोष तुमच्या भट्टीचा' म्हणून विषय संपवला. फोनबद्दल आधी माफी मागतो. भट्टी न बघता असं बोलणं चूकच. बाकीचं तुम्ही टाकलेल्या फोटोंवरून आणि आमच्या कामाच्या नोंदीवरून लिहितो.

आधी आमचा दोष. तुमची भट्टी आतून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, १.८ मीटर उंच. चार बाजू आणि छत मिळून २४ चौरस मीटर होतात. थर हवा २ मिमीचा. आमचं मिश्रण लिटरला १.९ किलो भरतं, म्हणजे चौरस मीटरला ३.८ किलो. सांडलवंड धरून १०० किलो, २५ किलोच्या चार बादल्या पुरायला हव्या होत्या. नोंदीत सहा लागल्या आहेत. भिंती २ मिमीच्या धरल्या तर जादा माल सगळा छतावरच गेला. तुमच्या फोटोत स्टीलच्या पट्टीशेजारचा पोपडा साडेचार मिमीचा दिसतोच आहे. छत एकसारखं दिसावं म्हणून पोरांनी हात फिरवत ठेवला असणार. ५ मिमीचा ओला थर म्हणजे चौरस मीटरला साडेनऊ किलो वजन, तेही धाग्यांच्या टोकांना लटकलेलं. जाड थर जास्त टिकतो हा समज भिंतीच्या प्लास्टरला चालेल, सिरॅमिक फायबरला नाही. फायबर दबतं, आकसतं, हलतं. पातळ थर त्याच्याबरोबर बारीक भेगा घेऊन जागेवर राहतो, जाड थर एकसंध पाटीसारखा सुटून येतो.

आता तो पोपडा उलटा करा. पडलेल्या कोटिंगची मागची बाजू बघितल्याशिवाय कारण ठरवू नये, असं आमचं मत आहे. मागे कापसासारखी लव चिकटून आली असेल तर कोटिंगने फायबर धरलं होतं, फायबरच आतून तुटलं. मागची बाजू गुळगुळीत, बोटाला पांढरी भुकटी लावणारी असेल तर कोटिंग मुळात चिकटलंच नाही. कडेला बुडबुडे किंवा पोकळ फुगवटा असेल तर आतली वाफ कोंडली. काळी, काचेसारखी चकाकी असेल तर लोखंडाचा स्केल, म्हणजे तापलेल्या लोखंडावरची काळी पापडी, लागला. तुमच्या फोटोतल्या पोपड्यांत दोन प्रकार सरळ दिसतात: दरवाजाकडचे गुळगुळीत आणि फुगलेले, मागच्या बर्नरजवळचे लव घेऊन आलेले. म्हणजे कारणंही दोन.

गुळगुळीत आणि फुगलेल्यांचं कारण वाळवण. या कोटिंगला बांधून ठेवतो तो कोलॉइडल सिलिका, पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण. पाणी ज्या बाजूने उडतं त्या बाजूला हे कण ओढले जातात. हळू वाळलं तर कण थरभर राहतात आणि धाग्यांना धरतात. एकदम आच दिली की सगळे वरच्या कातडीला जमा होतात. वर कडक कवच, खाली रिकामी भुकटी, आणि कवचाखाली वाफ. तुमच्या तापमान नोंदवणाऱ्या रेकॉर्डरच्या फोटोत काम संपल्याच्या दुसऱ्याच सकाळी तापमान दोन तासांत ७५० अंशांवर गेलेलं दिसतं. पण वाळवणीचं वेळापत्रक आमच्या माणसाने तोंडी सांगितलं, तेही दिवसपाळीला. भट्टी पेटवली रात्रपाळीने. कागद द्यायला हवा होता. तो आता इथेच देतो. दरवाजा उघडा ठेवून २४ तास हवेवर वाळवा. जुलैत कोल्हापूरच्या दमट हवेत ४८ तास धरा आणि आत पंखा लावा. मग एकच बर्नर मंद ठेवून तासाला ५० अंशांनी १२० पर्यंत, तिथे ४ तास थांबा. पुढे त्याच गतीने ३०० पर्यंत, आणि नंतर तासाला १०० अंशांनी कामाच्या तापमानापर्यंत. थर ३ मिमीच्या वर गेला असेल तर १२० वरचा मुक्काम दुप्पट.

चिकटण्याबद्दल आणखी एक. कोरडं फायबर टीपकागदासारखं असतं. त्यावर थेट घट्ट माल मारला तर पाणी आत शोषलं जातं आणि माल वर बसून राहतो. म्हणून पहिला हात पातळ, धुक्यासारखा मारायचा, तो २–३ मिमी आत मुरू द्यायचा आणि ओला असतानाच दुसरा हात द्यायचा. तुमच्याकडे पहिला हात दिल्याची नोंद नाही. पातळ करायला कोणतं पाणी वापरलं तेही आमच्या माणसांना विचारलं, तर उत्तर 'बोअरचं'. बोअरचं जड पाणी पडलं की हा सिलिका बादलीतच दह्यासारखा विरजू लागतो आणि मग कशालाच धरत नाही. साइटवर आरओचं पाणी नेण्याचा नियम आमचाच आहे, तो आमच्याच माणसांनी मोडला.

मागच्या बर्नरजवळचं मात्र वेगळं आहे, आणि इथे तुमची नाराजी ओढवली तरी लिहितो. तुमचं सेटिंग १२०० अंश आहे आणि छताला १२६० ग्रेडची मॉड्यूल, म्हणजे फायबर दाबून केलेले ठोकळे, आहेत. १२६० हा वर्गवारीचा आकडा आहे, रोज चालवायचा नाही. सतत चालवायला या ग्रेडला साधारण ११०० ते ११५० पर्यंतच धरावं. त्याहून जास्त तापलं की फायबरमध्ये स्फटिक वाढतात, धागा ठिसूळ होतो आणि आकसतो. ३०० मिमीच्या मॉड्यूलला ३ टक्के आकस म्हणजे ९ मिमी. बसवतानाच्या दाबाने त्यातला काही भाग भरून निघतो, उरलेली फट उघडी पडते. तुमच्या फोटोत दोन मॉड्यूलच्या मध्ये बोट जाईल एवढी फट आहे. २ मिमीच्या थराने मागच्या फायबरचं तापमान उतरत नाही. कोटिंगचं काम वेगळं आहे: ज्वाळेचा झोत, उडणारी धूळ, धागे झडणं यांना अडवणं. ठिसूळ झालेल्या फायबरवर कोटिंग म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर डिस्टेंपर. पण हे फवारणीआधी सुरी टोचून तपासायचं असतं, आणि वरचा थर बिस्किटासारखा मोडत असेल तर काम न घेता परत यायचं असतं. ते आम्ही केलं नाही.

तळाकडच्या भिंतीवरचे काळे चकचकीत डाग कोटिंगने जाणार नाहीत. बिलेटचा स्केल आणि सिलिका एकत्र आले की १२०० अंशांच्या आसपास वितळतात, आणि आमच्या कोटिंगमध्येही सिलिका आहेच. भिंतीचे खालचे ४५० मिमी हाय ॲल्युमिना विटेचेच (जास्त ॲल्युमिना असलेल्या भट्टीच्या विटेचेच) हवेत.

गॅसचं. १५ टक्के बचतीचा आकडा आमच्या विक्रीच्या माणसाने दिला, तो द्यायला नको होता. फायबरचं अस्तर मुळात उष्णता फार साठवत नाही, त्यामुळे तिथे वाचण्यासारखं कमी. तुमच्या दरवाजाखाली दोन मीटर रुंदीची २५ मिमीची फट दिसते. १२०० अंशांना उघड्या जागेतून चौरस मीटरला सुमारे २६७ किलोवॅट किरणोत्सर्ग जातो. फट खोल आहे म्हणून निम्मा धरला, तरी ६–७ किलोवॅट सतत बाहेर. धुराड्यातून जाणारा वाटा मिळवला तर तासाला किलोभराच्या वर एलपीजी, आणि आत शिरणारी थंड हवा वेगळीच. बचत मोजायची तर दिवसाच्या गॅसवर नको, तापवलेल्या टनामागे किती किलो लागला त्यावर मोजू.

आम्ही काय करणार: छताचं सैल कोटिंग काढणं, फटींत १४२५ ग्रेडचं ब्लँकेट (फायबरची पातळ गादी) दुमडून दाबून भरणं आणि नवं २ मिमीचं कोटिंग, माल आणि मजुरी आमच्याकडून. मॉड्यूलच्या सांध्यांवर सुरीने रेघ मारून देऊ, म्हणजे भेग पडायचीच तर तिथे पडेल. बर्नरजवळच्या दोन ओळी १४२५ च्या मॉड्यूलने बदलाव्या लागतील. त्यांचा खर्च तुमचा, आम्ही खरेदीच्या भावाने देऊ. वाया गेलेल्या बिलेटचं वजन कळवा, तेही हिशेबात धरू. दोन दिवस थंड भट्टी आणि वर सांगितलेली वाळवण, एवढं तुमच्याकडून हवं.

एक गोष्ट आजच थांबवा. शेवटच्या फोटोत एक माणूस मास्कशिवाय कोरड्या झाडूने तो चुरा झाडतो आहे. एवढ्या तापमानाला राहिलेल्या फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट तयार होतो. तो स्फटिकी सिलिका आहे, फुफ्फुसात गेला की बाहेर येत नाही, आणि कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. पाणी मारून, फिल्टरचा मास्क लावून गोळा करा, पिशवीत बांधा. दरवाजाकडचा एक आणि बर्नरकडचा एक पोपडा मात्र टाकू नका. मागची बाजू न घासता डब्यात ठेवा, आम्ही येऊ तेव्हा तुमच्यासमोरच तपासू.